दोरीवरचा सेन्सर

गल्लीत त्याला 'हवामान खातं' म्हणतात. नाव कोणी ठेवलं हे आता कोणाला आठवत नाही. का ठेवलं ते मात्र सगळ्यांना ठाऊक आहे. गाडी ट्यून करायला आली की तो गिऱ्हाइकाकडे बघायच्या आधी आकाशाकडे बघतो. ऊन कसं आहे, हवा दमट आहे का, वारा कुठून येतोय. मग बॉनेट उघडतो. "लोकांना वाटतं इंजिन पेट्रोलवर चालतं," असं तो प्रत्येक नव्या गिऱ्हाइकाला ऐकवतो. "इंजिन चालतं हवेवर. पेट्रोल आपलं चवीपुरतं." जुनी गिऱ्हाइकं हे वाक्य त्याच्या आधीच म्हणून टाकतात आणि तोही त्यांच्याबरोबर हसतो.

पन्नाशीकडे झुकलेला, बारीक चणीचा माणूस. डोक्यावर केस नावाला उरलेत, तरी थोरली बहीण त्याला अजून 'छोट्या' म्हणते आणि गिऱ्हाइकांसमोरही म्हणते. लग्न जमलं नाही. तारुण्यात तो सुट्या भागांच्या दुकानात काउंटरला होता. ते दुकान बंद पडलं तेव्हा ताईच्या नवऱ्यानं, म्हणजे भाऊजींनी, आपल्या वेल्डिंगच्या शेडमधली अर्धी जागा त्याला मोकळी करून दिली. उजवीकडे भाऊजी सायलेन्सरचे पाइप जोडतात, डावीकडे तो इंजिनं ट्यून करतो. मधे भिंत नाही. वरच्या मजल्यावर ताई-भाऊजींचं घर, मागे एक लहानसं अंगण, अंगणात कपडे वाळत घालायची दोरी आणि अंगणाला लागून त्याची खोली. दोन वेळचं जेवण वर, ताईकडे.

त्याचं सगळं काम एका सेन्सरवर उभं आहे. गाडीत कंपनीनं दिलेला साधा ऑक्सिजन सेन्सर असतो, तो फक्त हो किंवा नाही एवढंच सांगतो. पेट्रोल जास्त झालं, पेट्रोल कमी झालं. वाइडबँड सेन्सर किती ते सांगतो. दिसायला इंजिनाच्या स्पार्क प्लगएवढा, शेपटीला वायरींचा जुडगा. सायलेन्सरच्या पाइपाला एक जाड नट वेल्ड करून त्यात तो बसवायचा. आत तो तापून लाल होतो आणि जळून बाहेर पडणाऱ्या धुरात किती प्राणवायू शिल्लक आहे ते मोजतो. त्यावरून एक भाग पेट्रोलला किती भाग हवा मिळाली तो आकडा समोरच्या मीटरवर येतो. चौदाच्या वर थोडा, म्हणजे दोघांचं बरोबर जमलं. आकडा त्याच्याही वर गेला तर हवा जास्त, मिश्रण लीन. खाली आला तर पेट्रोल जास्त, मिश्रण रिच. चढावर पाय पूर्ण दाबला की आकडा बाराच्या आसपास हवा, कारण तिथलं जास्तीचं पेट्रोल पिस्टनला थंड ठेवतं. हे सगळं तो कोणालाही, चहाच्या पहिल्या घोटापासून कप रिकामा होईपर्यंत समजावून सांगू शकतो. लोक सांगायचे, जुने मिस्त्री कानानं इंजिन लावायचे. तो म्हणायचा, "कानाला आवाज कळतो. प्राणवायू कळत नाही. मीटर खोटं बोलत नाही."

पाइपाला तो नट बसवायचं काम भाऊजींचं. "माझा नट आणि तुझा सेन्सर," भाऊजी म्हणायचे, "लग्न मी लावून देतो, पुढची भांडणं तुमची." त्यांचा वेल्ड पाहण्यासारखा असायचा. एकसारखे खवले, एकावर एक रेललेले, कुठे थेंब नाही की खाच नाही. आर्गॉन वायूवर चालणारं वेल्डिंगचं मशीन त्यांनी हौसेनं घेतलं होतं आणि त्यावर ते दुसऱ्या कोणालाही हात लावू देत नसत. शर्यतीच्या गाड्यांची माणसं लांबून त्यांच्याकडून मॅनिफोल्ड, म्हणजे इंजिनापासून निघणाऱ्या पाइपांचा जुडगा, करून घ्यायला येत आणि वेल्डचे फोटो काढून नेत. भाऊजी फोटोत स्वतः कधी आले नाहीत. हात तेवढा यायचा.

दातांचे डॉक्टर असेच आले होते. आठवडाभर लोकांची तोंडं उघडून बसायचं आणि सुटीच्या दिवशी चढाच्या शर्यतीत गाडी पळवायची, अशी त्यांची तऱ्हा. इंजिनातला दाब वाढवून आणलेली गाडी त्यांनी शेडमध्ये लावली. भाऊजींनी मॅनिफोल्ड बनवलं. ट्यूनिंग अर्थातच हवामान खात्याकडे. डॉक्टरांसोबत त्यांचा एक मित्र असायचा, पायात पांढरेशुभ्र बूट. ग्रीस सांडलेल्या शेडमध्ये पांढरे बूट घालून येणाऱ्या माणसाला दुसरं नाव कोण देणार? भाऊजींनी पहिल्याच दिवशी ते दिलं, पांढरे बूट.

आता या कामातली एक गोष्ट समजून घ्यायला हवी. वाइडबँड सेन्सर वापरून वापरून जरासा म्हातारा होतो. म्हणून मोठं काम हाती घ्यायच्या आधी त्याला पाइपातून काढून मोकळी हवा दाखवावी लागते. सेन्सर बाहेर धरायचा, तो तापू द्यायचा आणि बटण दाबायचं. मग मीटर मनाशी ठरवतं, की एवढा प्राणवायू म्हणजे स्वच्छ हवा. पुढची सगळी मोजमापं त्या खुणेवरून. हवामान खात्याची यासाठी पक्की पद्धत होती. लांब वायर लावून तो सेन्सर मागच्या अंगणात न्यायचा, कपड्यांच्या दोरीवर टांगायचा, आणि आजूबाजूला कुठलंही इंजिन चालू नाही याची खात्री करून मगच आत येऊन बटण दाबायचा. शेडमधल्या धुरात हे करायचं नाही, असं त्यानं कितीतरी पोरांना बजावलं होतं.

डॉक्टरांच्या गाडीच्या पहिल्या फेरीला त्यानं तसंच केलं. ताईच्या ओल्या चादरीशेजारी सेन्सर दोरीवर लटकला.

"काय हो, वाळत घालताय का?" पांढरे बूट म्हणाला. "चिमटा लावा, उडून जाईल."

डॉक्टर हसले. तोही हसला. मग त्यानं हवा का दाखवायची ते सविस्तर सांगायला घेतलं. पांढऱ्या बुटानं मधेच घड्याळाकडे पाहिलं आणि डॉक्टरांना अर्ध्या आवाजात म्हणाला, "आमच्या तिकडचा ट्यूनर बटण दाबतो आणि निघतो. हे फारच घरगुती आहे."

घरगुती हा शब्द त्याला लागला. इतका, की रात्रीच्या जेवणाला ताईनं आणखी वाढू का विचारलं तर तो "नको" सुद्धा नीट म्हणू शकला नाही.

शर्यतीच्या आधीची शेवटची फेरी होती तेव्हा दोघं पुन्हा आले. सेन्सर हातात घेऊन तो मागच्या दाराकडे निघाला. पांढरे बूट नुसता बघत होता. ओठांच्या कोपऱ्यात हसू दबलेलं होतं. आणि हवामान खातं दारातून परत फिरलं. त्यानं सेन्सर शेडच्या शटरपाशी, बाहेरच्या अंगाला, सहज धरल्यासारखा धरला. भाऊजींच्या बाजूला पाव पोचवणारी एक गाडी उभी होती. भाऊजींनी तिला नवा सायलेन्सर बसवला होता आणि आवाज ऐकायला ती चालू ठेवली होती. तिचं तोंड आत होतं, शेपूट शटरकडे. हे त्यानं पाहिलं. पाहिलं नाही असं त्याला नंतर कधीच स्वतःला सांगता आलं नाही. त्याला वाटलं, एवढ्यानं काय होतं. बटण दाबलं. हिरवा दिवा लागला.

"झालं?" पांढऱ्या बुटानं विचारलं.

"झालं," तो म्हणाला. "आम्ही काय दिवसभर हवा खात बसत नाही."

गोदामांच्या मागच्या सरळ, रिकाम्या रस्त्यावर डॉक्टर गाडी चालवत होते आणि तो शेजारी लॅपटॉप मांडीवर घेऊन बसला होता. साध्या वेगात आकडे चोख. पूर्ण पाय दाबला की आकडा मात्र खाली, अकराकडे झुकायचा. इंजिन भलतंच पेट्रोल पितंय असं मीटर म्हणत होतं. त्यानं पेट्रोल थोडं कमी केलं. आणखी थोडं. आकडा हवा तिथे येऊन बसला. गाडी अशी खेचायला लागली, की डॉक्टरांनी स्टिअरिंगवर थाप मारली. त्या क्षणी त्याच्याइतका सुखी माणूस त्या रस्त्यावर नव्हता. रस्त्यावर तसं दुसरं कोणी नव्हतंच.

सुटीच्या दिवशी डोंगराच्या चढावर, वरचं वळण दिसायला लागलेलं असताना, डॉक्टरांच्या गाडीनं निळा धूर सोडला आणि ती थांबली.

गाडी ट्रकवर चढून शेडमध्ये आली. हेड उघडलं तेव्हा भाऊजी दिवा धरून उभे होते. तिसऱ्या पिस्टनला मधोमध भोक पडलं होतं, कडा मेणासारख्या ओघळलेल्या. त्यानं प्लग काढले. तिसऱ्याचा प्लग खडूसारखा पांढरा होता आणि त्यावर वितळलेल्या ॲल्युमिनियमचे मोहरीच्या दाण्यांपेक्षाही बारीक थेंब चिकटले होते. पांढरा प्लग म्हणजे पेट्रोल कमी पडलं, आग नको तेवढी तापली. आणि त्याला पावाची गाडी आठवली.

सगळं एका झटक्यात जुळलं. धुरातली हवा त्यानं मीटरला स्वच्छ हवा म्हणून दाखवली होती. कमी प्राणवायूलाच मीटरनं पुरेपूर मानलं. तेव्हापासून ते चौदापासूनचा प्रत्येक फरक, वरचा असो की खालचा, वाढवून सांगत होतं. चौदाच्या जवळ वाढवायला काही नसतं, म्हणून साध्या वेगात खोट कळली नाही. पण पूर्ण पाय दाबल्यावर थोडं रिच होतं ते त्याला बरंच रिच दिसलं, आणि त्यानं पिस्टनच्या तोंडचं पेट्रोल काढून घेतलं. फरक लहान होता. चढ लांब होता.

"मीटरचे आकडे तर बरोबर होते ना?" डॉक्टरांनी विचारलं. त्यांचा आवाज शांत होता, रुग्णाला 'आ करा' म्हणावं तसा.

लॅपटॉपवर सगळी नोंद होती. आकडे अगदी सरळ रेषेत.

"मग मीटर फसलं असणार," पांढरे बूट म्हणाला. त्यानं मॅनिफोल्डकडे बोट केलं. "वेल्ड कुठेतरी लीक असेल. बाहेरची हवा आत गेली, सेन्सर गंडला. माझ्या एका मित्राच्या गाडीत असंच झालं होतं."

आता इथे एक गोष्ट अशी होती, की त्या शेडमध्ये ती फक्त त्याला माहीत होती. वेल्ड गळत असता तर बाहेरची हवा सेन्सरपाशी आली असती. मीटरला वाटलं असतं हवा जास्त आहे. त्यानं पेट्रोल वाढवलं असतं. इंजिन काळं पडलं असतं, काजळीनं भरलं असतं, पण वितळलं नसतं. गळणारा वेल्ड चूक करतो ती बरोबर उलट्या दिशेनं. हे तो चहाच्या अर्ध्या कपात समजावून देऊ शकला असता. वाक्य जिभेवर तयार होतं.

सगळे त्याच्याकडे बघत होते. भाऊजीही, दिवा तसाच धरून.

"होऊ शकतं," तो म्हणाला.

आणि हातातला पांढरा प्लग त्यानं खिशात टाकला.

भाऊजींनी दिवा खाली ठेवला. "माझ्या हातून?" त्यांनी विचारलं. ते कोणाला उद्देशून नव्हतं. मग डॉक्टरांकडे वळून म्हणाले, "डॉक्टर, मॅनिफोल्ड मी नवं करून देतो. माझ्याकडून राहिलं असेल. माफ करा."

"अहो, होतं कधीकधी," पांढरे बूट उदार होऊन म्हणाला.

शरमेचा पहिला हप्ता त्याच रात्री जेवणाच्या ताटावर आला. भाऊजी जेवता जेवता हात डोळ्यांसमोर धरून बघत होते, उताणा, मग पालथा. ताईनं विचारलं, काय झालं. भाऊजींनी सांगितलं. जसं घडलं तसं, स्वतःवर घेऊन. तो समोर बसून वरण भातात कालवत राहिला. ताट टाकलं असतं तर ताईनं कारण विचारलं असतं.

दुसऱ्या दिवशी भाऊजींनी मॅनिफोल्ड उतरवलं आणि कापायला घेतलं. प्रत्येक जोड ग्राइंडरनं उभा चिरून ते आतून बघत होते. भेग नाही, भोक नाही, धुराचा काळा ओघळ नाही. भंगाराचा ढीग पुढ्यात जमला. तो पलीकडे, भिंत नसलेल्या आपल्या बाजूला, दुसऱ्या कोणाच्या तरी गाडीत डोकं खुपसून उभा होता. ग्राइंडर थांबला की त्याचा हातही थांबायचा.

काहीच सापडलं नाही, यावरून भाऊजींनी काढलेला निष्कर्ष त्यांच्यासारख्या माणसानंच काढावा. वेल्ड चांगला आहे असं त्यांना वाटलं नाही. आपल्याला दिसेनासं झालंय, असं वाटलं. ते चष्मा करून आले. जाड काळ्या काड्यांचा चष्मा. घातल्यावर ते कोणी परके शिक्षक दिसत.

"बघ रे, कसा दिसतो," म्हणाले.

"छान," तो म्हणाला.

"छान काय? या काचांतूनही भेग दिसत नाही. म्हणजे नजर फारच गेली."

मॅनिफोल्डची कामं ते नाकारू लागले. शर्यतवाल्यांना सांगायचे, दुसरा बघा. खिडक्यांचे गज, कुंपणाची फाटकं, अशी कामं घेऊ लागले. त्यांना आर्गॉनचं मशीन लागत नाही. त्यावर त्यांनी जुनी चादर टाकली.

त्यानं प्रयत्न केला नाही असं नाही. एकदा चहा पिताना म्हणाला, "भाऊजी, तुमचा वेल्ड कदाचित बरोबरही असेल. दुसरंही कारण असू शकतं."

"कुठलं?"

इथे सांगता आलं असतं. "म्हणजे, इंजिनात हजार भानगडी असतात," तो म्हणाला.

भाऊजींनी त्याच्या पाठीवर हात ठेवला. "मला बरं वाटावं म्हणून बोलतोस. कळतं मला. पण कामात असं खोटं बोलू नये."

त्या दिवशी जेवताना ताईनं त्याच्या पानात दोनदा वाढलं. "छोट्याचं मन मोठं आहे," ती भाऊजींना म्हणाली. "दुसरा असता तर गावभर बोंबलत फिरला असता, की याच्यामुळे माझं नाव गेलं." अपराध झाकला तर गेलाच, वर त्यावर साय चढली. खोलीत आल्यावर त्यानं खिशातून प्लग काढला, बघितला, पुन्हा खिशात ठेवला. पँट बदलली तरी प्लग नव्या खिशात न्यायचा राहत नसे. फेकून द्यावा असं मनात यायचं, पण तो फेकला तर आपण काय केलं याला साक्षीदार उरणार नाही, आणि साक्षीदार नसलेला माणूस काय करू शकतो हे त्याला नुकतंच कळलं होतं.

मग भाऊजींनी जेवताना सहज सांगितलं, की मशीन बघायला एक जण येणार आहे. बसच्या बॉडी बांधणारा. चांगला माणूस वाटतो. पडून राहण्यापेक्षा कोणाच्या तरी हाताखाली चालू राहील.

"विकताय?" त्यानं विचारलं.

"ठेवून काय करू? त्यावर चादर टाकली तरी ते माझ्याकडे बघतं."

बसवाला सकाळीच आला. धिप्पाड, घाईत असलेला, कानावर पेन्सिल खोचलेला. भाऊजींनी चादर काढली, मशीन पुसलं, चष्मा नीट केला आणि एका तुकड्यावर ठिणगी पाडून दाखवली. ताई वरून चहा घेऊन आली होती. बसवाल्यानं तुकडा उलटसुलट करून पाहिला.

"हा हात तुमचा?" त्यानं विचारलं. "मग विकता कशाला?"

कोणीही काहीतरी थातूरमातूर सांगून मोकळा झाला असता. भाऊजी म्हणाले, "मशीनमध्ये दोष नाही, ते आधीच सांगतो. दोष माझ्यात आहे. माझा एक जोड लीक झाला आणि एका डॉक्टरांचं इंजिन बसलं. तुम्ही घ्यायच्या आधी तुम्हाला माहीत असावं."

त्यांनी हे अशा सरळ स्वरात सांगितलं, की शेडच्या दुसऱ्या बाजूला पाना खाली पडला. तो हवामान खात्याच्या हातातून पडला होता.

तो इकडे आला. खिशातून प्लग काढून त्यानं मशीनवर ठेवला. मग म्हणाला, "जोड लीक नव्हता."

"अरे, पुन्हा तेच," भाऊजी म्हणाले.

"लीक असता तर हा काळा असता. मीटरला हवा जास्त वाटली असती, मी पेट्रोल वाढवलं असतं. जास्त पेट्रोलनं पिस्टन वितळत नाही. हा पांढरा आहे. पेट्रोल मी कमी केलं. सेन्सरला मी अंगणात नेलं नाही. शटरपाशी धुरात हवा दाखवली."

बसवाल्यानं प्लग उचलून उजेडाकडे धरला. त्याला यातलं कळत होतं हे त्याच्या तोंडावरून दिसलं. त्यानं प्लग परत ठेवला.

"कुठल्या धुरात?" भाऊजींनी विचारलं.

"पावाची गाडी चालू होती."

"ती तर मी चालू ठेवली होती."

"भाऊजी, तुम्ही हे पण अंगावर घेऊ नका!" तो जवळजवळ ओरडला. "अंगण दहा पावलांवर होतं. तो बूटवाला हसेल म्हणून मी गेलो नाही. एवढंच आहे. याच्यापलीकडे काही नाही."

भाऊजींनी चष्मा काढला. काचा शर्टाला पुसल्या. परत घातला नाही.

"तुला हे तेव्हाच माहीत होतं? मी दिवा धरून उभा होतो तेव्हा?"

"हो."

"मी डॉक्टरांची माफी मागितली तेव्हा?"

"हो."

"मी जोड कापत होतो तेव्हा?"

यावर त्यानं होकारार्थी मान हलवली. ताईच्या हातात अजून चहाचा ट्रे होता. तिनं तो ठेवला नाही, दिलाही नाही. तशीच जिना चढून गेली, तिघांचा चहा घेऊन.

"आता हा चष्मा लावू की नको?" भाऊजी म्हणाले. विचारणं खरंखुरं होतं, चेष्टा नव्हती, म्हणून ते ऐकवत नव्हतं. "पेपर वाचायला बरा पडतो. पण घेतला होता तो दुसऱ्याच कामासाठी."

"माझं एवढंच विचारणं आहे," बसवाला खाकरून म्हणाला, "मशीन विकायचं का नाही?"

"नाही विकायचं."

"मग निघतो. बाकी, जोड उत्तम आहे." तो वेल्ड केलेला तुकडा त्यानं जाताना सोबत नेला. विचारलंही नाही.

बसवाला गेल्यावर भाऊजी म्हणाले, "डॉक्टरांना फोन लाव. इथूनच. आवाज मोठा ठेव. त्या दिवशी मी मोठ्यानं बोललो होतो."

त्यानं लावला. तेच सगळं पुन्हा सांगितलं, उभ्यानं, फोन तोंडासमोर धरून. पलीकडे दवाखान्यातलं यंत्र घुरघुरत होतं, ते थांबलं.

"आमच्याकडे चुकीचा दात काढला," डॉक्टर म्हणाले, "तर पेशंटला घरी जाईपर्यंत कळतं. तुमच्याकडे बरं आहे." मग म्हणाले, "नवं मॅनिफोल्ड भाऊजींकडूनच घेतो. ट्यूनिंगचं मी बघतो दुसरीकडे." आणि फोन ठेवला.

भाऊजी पुन्हा मॅनिफोल्ड करू लागले. शर्यतवाले परतले. गल्लीत गोष्ट पसरायला काही दिवसच लागले, कारण डॉक्टरांनी पांढऱ्या बुटाला सांगितली आणि पांढऱ्या बुटानं उरलेल्या जगाला. काही गिऱ्हाइकं कमी झाली. जी राहिली ती गाडी देताना हसून म्हणतात, "खातेवाले, आज हवा कशी आहे?" तो उत्तर देतो. आता त्यांच्याबरोबर हसत नाही.

भाऊजींनी त्याला शेडमधून काढलं नाही. जेवणही वरच आहे. राग ते फार काळ धरू शकले नाहीत, तो त्यांचा प्रांत नाही. त्यांनी एकच नवी पद्धत घातली. तो सेन्सर पाइपातून काढताना दिसला, की हातातलं काम थांबवून पलीकडून विचारतात, गिऱ्हाइकासमोर, खणखणीत आवाजात, "हवा कुठली दाखवणार?"

आणि त्याला तितक्याच मोठ्यानं म्हणावं लागतं, "मागच्या अंगणातली."

यात दुष्टपणा नाही. जोडाला पाणी लावून बुडबुडा बघावा, तसं ते तपासतात. पण प्रत्येक वेळी त्याचे कान तापतात, आणि वायर सोडत सोडत मागच्या दाराकडे जाताना, सगळी शेड आपल्या पाठीकडे बघतेय असं त्याला वाटतं. बऱ्याचदा ती बघत असतेही.

परवा तो अंगणात गेला तेव्हा दोरी कपड्यांनी भरलेली होती. ताई समोरच होती. तिनं त्याच्या हातातला सेन्सर पाहिला आणि एक चादर काढून त्याला जागा करून दिली. त्या दिवसापासून ती त्याला 'छोट्या' म्हणालेली नाही. बोलणं बंद नाही. भाजी वाढते, औषधाची आठवण करते, सगळं करते.

त्यानं सेन्सर दोरीवर टांगला. वारा नव्हता. आजूबाजूला कुठलंही इंजिन चालू नव्हतं, तरी तो कान देऊन उभा राहिला.

ताईनं चादर हातावर घडी केली. "तुमचं झालं की सांगा," ती म्हणाली. "मला उरलेले कपडे वाळत घालायचेत."